फेरीतली रिकामी चौकट

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, वर्धा, आमचं चर्च. हजर: रूथताई, प्रकाशभाऊजी आणि त्यांचं अडीच महिन्यांचं बाळ, आई, बाबा, मार्थाआत्या, आष्टीहून आलेले भाऊजींचे आईवडील, पाळकसाहेब, मंडळीतले चव्वेचाळीस, समुद्रपूरच्या रस्त्यावरचे अकरा, जे माझ्या यादीत नव्हते, आणि हे सगळं लिहून घेणारी मी, वय वर्षं सतरा.

वही अजून माझ्याकडे आहे. शंभरपानी, कव्हरवर तेलाचा डाग, मधल्या एका पानाला भोक. पुढे मी पुष्कळ याद्या केल्या. लग्नांच्या, शाळेच्या सहलींच्या, दवाखान्यात न्यायच्या सामानाच्या. नातेवाईक हसतात आणि काम निघालं की मलाच फोन करतात. पण पहिली मोठी यादी त्या बाप्तिस्म्याची. कागदावर लिहिलेली गोष्ट नंतर कुणाला नाकारता येत नाही, हे मला त्या नऊ दिवसांत कळलं, आणि तेव्हापासून मी पेन खाली ठेवलेलं नाही.

ताई बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. आई सेवाग्रामला नर्स होती, त्यामुळे बाळंतपण तिथंच झालं. बाळाचा वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता, आत टाळूलाही फट होती. आईनं बाळ स्वच्छ केलं, गुंडाळलं, ताईजवळ दिलं आणि बाहेर येऊन आम्हाला तापमान सांगावं तशा आवाजात सांगितलं, "पोरगा झाला. वजन बरं आहे. ओठ फाटलेला आहे, तो शिवता येते." बस. बाबांनी टोपी काढली आणि परत घातली. ते एसटीचे ड्रायव्हर. कुठलीही मोठी बातमी ऐकली की टोपीवर हात जायचा.

टाळूला फट असल्यामुळे बाळाला ओढून पिता येत नव्हतं. दूध काढून वाटीत घ्यायचं, बाळाला उभं धरायचं आणि चमच्यानं थेंब थेंब पाजायचं. एका वेळेला पाऊण तास. दिवसातून आठ वेळा. म्हणजे आमच्या घरात तेव्हा एकच आवाज होता, स्टीलच्या वाटीवर चमच्याचा. कणकण. सकाळी बाबा दाढी करताना कणकण, दुपारी पापड वाळत असताना कणकण. कुणाची पाळी कधी याचा तक्ता मी करून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला होता. दूध पिऊन झालं की बाळ जीभ बाहेर काढून फटीच्या दोन्ही कडा चाटायचं. हे मात्र मी तेव्हा पाहिलं नव्हतं. मी पाजायचे, पण नजर वाटीत ठेवायचे. का, ते पुढे येईलच.

आता फेरीबद्दल सांगते, नाहीतर बाकीचं कळणार नाही. आमच्या चर्चमध्ये बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं की पाळकसाहेब ते आईच्या हातात परत देत नाहीत. पहिल्या बाकावरच्या माणसाच्या मांडीवर देतात. तिथून बाळ मांडीमांडीनं मागे जातं, बाकामागून बाक, शेवटच्या माणसापर्यंत. ज्याच्या मांडीवर बाळ येईल त्यानं त्याच्या तोंडाकडे बघून त्याचं पूर्ण नाव घ्यायचं, अमुक, तमुकचा लेक, आणि पुढे द्यायचं. शेवटचा माणूस बाळाला उचलून पुन्हा वेदीपाशी आणतो. याला म्हणायचं फेरी. कुणी सुरू केली, कुणाला माहीत नाही. मी इतर गावांच्या चर्चमध्ये विचारून पाहिलं, त्यांच्याकडे असलं काही नाही. पण आमच्याकडे फेरी झाली नाही तर बाप्तिस्मा झाल्यासारखाच वाटत नाही.

आणि शेवटच्या बाकाच्या शेवटच्या टोकाला, माझ्या आठवणीत तरी कायम, मार्थाआत्या बसायची. बाबांची थोरली बहीण, विधवा, निवृत्त शिक्षिका. मागून सगळ्या पोरांवर नजर ठेवता यावी म्हणून ती तिथं बसे. अर्धी मंडळी तिच्या हाताखाली बाराखडी शिकलेली. तिनं घसा खाकरला की पन्नाशीचे पुरुषसुद्धा पाठ सरळ करत. ती जे करील ते लोक करीत, आणि ती जे टाळील ते टाळीत.

बाप्तिस्म्याच्या नऊ दिवस आधी ती आमच्याकडे आली. आई अंगणात तुरीचे सोले सोलत होती. मी वही घेऊन बसले होते. आत कणकण चालू.

"सुमन," आत्या आईला म्हणाली, "ऑपरेशन कधी म्हणतात डॉक्टर?"

"वजन वाढलं की. फेब्रुवारीत, नाईतर मार्चात."

"मंग बाप्तिस्मा ईस्टरले करू ना. घाई कायची? तवर लेकरू नीट दिसन."

कणकण थांबली. ताई बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. "आता कसा दिसते तो, आत्याबाई?"

"मी वाईट बोलून नाई राह्यली व. पण फेरी असते. साऱ्याईच्या मांडीवर जाते लेकरू. एखादी गरोदर बाई असते तिथं, एखादं पोट्टं भेते. घरीच चहा-बिस्किटावर उरकायचं असन तर मी नाई म्हणत नाई. अन् नाव म्हणे योहान. माह्या बाबाचं नाव!" आजोबा गावोगाव उपदेश करत हिंडलेले. आत्या त्यांची लाडकी; त्यांची काठी तिच्या घरी दाराशी उभी असायची. "बाबा बोलायले उभे राह्यले की लोकं त्याईच्या तोंडाकडे पाहात बसत. थे नाव या तोंडाले?"

आई सोले सोलत राहिली. तेवढ्यानं आत्याला धीर आला असावा. "ग्रहण होतं तेव्हा मी निरोप पाठवलता. सातवा महिना होता हिचा. चिरू नको, कापू नको म्हनलं होतं. आयकते कोण?"

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण ग्रहण आमच्या घरात कधी बाटलं नाही, हेही लिहून ठेवायला हवं.

आईनं सोल्यांची ताटली बाजूला सरकवली. "ओठ तिसऱ्या महिन्याच्या आतच घडते, मार्थाबाई. तुमचं ग्रहण लय उशिरा आलं."

मला हसू आलं आणि मी ते वहीत लपवलं. आत्या उभी राहिली. "ठीक हाय. तुम्ही शिकलेल्या. पण फेरी माह्यापाशी सरते, हे ध्यानात ठेवा. मी थे नाव घेणार नाई."

"नका घेऊ," ताई म्हणाली. "पण बाप्तिस्मा पुढल्या रविवारीच. चर्चमधीच. याच तोंडानं अन् याच नावानं. ऑपरेशन झाल्यावर तो तुम्हाले पुरा वाटन. मले आताच पुरा हाय." आणि मग माझ्याकडे वळून, आवाज न बदलता: "लिही गं. चहा-बिस्किट नाई. जेवण. सगळ्याईले."

मी लिहिलं. मटण. वडाभात. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. सोल्यांची भाजी, न खाणाऱ्यांसाठी. सकाळच्या चहाबरोबर गोरसपाक, वर्ध्याची तुपातली बिस्किटं. मंडपवाल्याला सांगणे. पाण्याचे पिंप दोन. आष्टीला फोन. फोटोवाला. दुधाची बाटली, वाटी, चमचा: माझ्या पिशवीत. असे बावीस मुद्दे झाले आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी ताई पाजता पाजता वही मांडीवर ठेवून वाचत होती. मी समोर बसून कौतुकाची वाट बघत होते.

"चौदा नंबर कोणी सांगतला?" तिनं विचारलं.

चौदा नंबर असा होता: पांढरी टोपी, मोठ्या झालरीची (तोंडावर येईल अशी).

"आत्यानं?"

आत्याचं नाव घेता आलं असतं. आत्यावर सगळं खपलं असतं. "नाई," मी म्हणाले. "मीच."

ताई मला ओरडली नाही. तिनं चमचा भरला, बाळाच्या जिभेवर टेकवला, तो गिळेपर्यंत थांबली. "फेरीत तो तुह्या मांडीवर येईन तेव्हा कुठं पाहशीन तू?"

 अडीच महिने मी त्याला दिवसातून दोनदा पाजत होते, आणि तो दिसतो कसा हे मला विचारलं असतं तर वाटीचा काठ सांगता आला असता.

"खोड," ती म्हणाली. मी एक रेघ मारली. "तसं नाई. वाचता नाई आलं पाह्यजे." मी गिरवत गेले, गिरवत गेले, शेवटी कागद फाटला. तेच ते भोक. मग तिनं बाळ माझ्याकडे दिलं आणि पाणी प्यायला आत गेली, आणि परत यायला तिला मुद्दामच वेळ लागला. मी बघितलं. गुलाबी हिरडी, तिच्यावर दुधाचा पांढरा थेंब. जीभ बाहेर आली, इकडची कड चाटली, तिकडची चाटली, आणि तोंडभर, खरंच तोंडभर, तो हसला. मला स्वतःची एवढी चीड आली की मी त्या रात्री यादी पुन्हा पहिल्यापासून लिहिली.

नव्या यादीत मी एक गोष्ट वाढवली. फेरीत येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे चौकट काढली. जो बाळाला घेऊन, तोंडाकडे बघून, नाव घेईल, त्याच्या चौकटीत खूण. आत्याच्या भीतीनं कोण कोण लेकराला खाली मान घालून पुढे ढकलतं ते कायमचं कागदावर राहावं, एवढाच हेतू. हेतू चांगला नव्हता, पण उपयोगी होता.

बाबा या सगळ्यात एक शब्दही बोलले नाहीत. मला वाटलं, बहिणीपुढे त्यांचं चालत नाही. रविवारी सकाळी चर्चच्या फाटकात धोतर, पायजमे, फेटे दिसायला लागले तेव्हा उलगडा झाला. समुद्रपूरची गाडी त्यांच्याकडे होती. आठवडाभर प्रत्येक थांब्यावर, घंटी वाजायच्या आत, त्यांनी खिडकीतून सांगितलं होतं, "रविवारी वर्ध्याले या. माह्या नातवाचा बाप्तिस्मा हाय." बाप्तिस्मा म्हणजे काय हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरसाहेबांनी बोलावलं, आले. कापसाची वेचणी सोडून आले. एकानं टोपलंभर वांगी आणली, एकानं संत्री.

"बाबा, हे अकराजण यादीत नाईत!" मी जवळजवळ किंचाळले.

"मंग लिहून घे," बाबा म्हणाले. आयुष्यात त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं बंड ते एवढ्या तीन शब्दांत होतं.

आईनं वांग्याचं टोपलं बघितलं, मंडपाच्या मागं चूल पेटवायला सांगितली आणि आत येऊन बसली. अकराजणांना जागा शेवटच्या दोन बाकांवर मिळाली. मार्थाआत्याच्या शेजारी. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती, आणि मांडीवर पर्स, पर्सवर बायबल, बायबलवर दोन्ही हात. मांडी भरलेली होती. माझ्या लक्षात आलं. ताईच्याही आलं असणार.

पाणी घातलं. बाळ रडलं. डोक्यावर टोपी नव्हती. पाळकसाहेब म्हणाले, "योहान, प्रकाशचा लेक," आणि बाळ पहिल्या बाकावर आईच्या मांडीवर दिलं. आई, बाबा, आष्टीचे आजी-आजोबा, मी. सगळ्यांनी नाव घेतलं. मी उठून भिंतीशी उभी राहिले, वही उघडी, पेन हातात, सगळ्यांना दिसेल अशी. तिसऱ्या बाकावर पहिली अडचण आली. आत्याची एक जुनी विद्यार्थिनी बाळाला हातावर घेऊन मागे बघायला लागली. मागं शेवटच्या बाकाकडे. मी पेन वहीवर टेकवलं आणि तिच्याकडेच बघत राहिले. तिनं मला पाहिलं, पेन पाहिलं, मग खाली बाळाकडे. "योहान, प्रकाशचा लेक," ती घाईनं म्हणाली. आणि मग पुन्हा एकदा, घाई न करता. मी एकच खूण केली. नियम म्हणजे नियम.

त्यानंतर बाक भराभर गेले. आणि मग बाळ पोचलं समुद्रपूरच्या रस्त्यावर. गणपतकाका म्हणून एक आडदांड शेतकरी होते. त्यांनी त्याला दोन्ही हातांत उचलून उजेडात धरलं. "काय नाव म्हनलं? योहान? बरं, योहान्या, प्रकाशच्या लेका! मोठा होजो अन् आज्याच्या गाडीत फुकट बसजो!" चर्च हसलं. शेजारचा म्हणाला, "अन् ओठाचं काय झालं बाप्पा?" "जल्मताच हाय, शिवते डाक्टर," काका म्हणाले, "माह्या वासराचा कान तसाच होता. घे, धर." त्यांना आमचे नियम माहीत नव्हते, त्यामुळे त्यांनी ते सगळ्यांत नीट पाळले. अकरा खुणा.

मग आत्या.

शेजारच्या माणसानं बाळ पुढे केलं. आत्यानं हात हलवले नाहीत. समोर वेदीकडे बघत राहिली. तो बिचारा बाळ पुढे करून तसाच थांबला. बाळाला भूक लागली होती, ते आता मोठ्यानं रडायला लागलं. फेरी तिथं अडकली. पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. बाळाला परत आणायचं काम शेवटच्या माणसाचं. आणि शेवटचा माणूस उठत नव्हता.

ताई वेदीपासून निघाली. तिच्या चपलेचा आवाज मला अजून ऐकू येतो. मधल्या वाटेनं सरळ शेवटच्या बाकापर्यंत आली, बाळ घेतलं, आणि मला वाटलं आता घेऊन परत जाईल. ती आत्याला म्हणाली, "सरका जरा." आत्या सवयीनं सरकली. ताई तिच्या शेजारी बसली आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. पिशवी माझ्या खांद्यावर होती. बाटली, वाटी, चमचा. मी वाटीत दूध ओतून दिलं. ताईनं ती वाटी आत्याच्या पुढ्यात धरली.

"धरा. मले दोन हात लागतात."

बाळ रडत होतं. साठ माणसं बघत होती. आत्यानं बायबल बाकावर ठेवलं, पर्स त्याच्यावर ठेवली, आणि वाटी धरली.

कणकण. भरलेल्या चर्चमध्ये तेवढाच आवाज. पाळकसाहेबांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी गीत सुरू केलं, पण लोक अर्धवटच गात होते. सात-आठ चमचे झाल्यावर दूध आत्याच्या साडीवर सांडलं. तिनं साडीकडे पाहिलं नाही. बाळाकडे पाहत होती; वाटी धरायची तर पाहावंच लागतं. एकदा म्हणाली, "सरळ धर त्याले. ठसका लागन." दूध संपल्यावर पदराच्या टोकानं तिनं त्याचं तोंड पुसलं, दोन्ही कडा, हळूच. ताई थांबली. मीही पेन टेकवून थांबले.

आत्यानं नाव घेतलं नाही. ताईनं मग बाळाला उचललं आणि फेरी स्वतः पुरी केली. एकसष्ट चौकटी, साठ खुणा.

आत्या जेवायला थांबली. चांगली जेवली. आम्ही केलेल्या सांबारवड्या मोडल्या होत्या. त्यांत मीठ कमी आहे, हे तिनं तीन जणांना सांगितलं. ते खरं होतं.

ओठ मार्चमध्ये शिवला, टाळू पुढच्या वर्षी. आता एक बारीक रेघ आहे, मिशीत जाते. योहान नागपूरला एक्स-रे काढतो, लग्न झालं, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला मुलगी झाली. गेल्या महिन्यात फोन आला: "मावशी, यादी कर." जेवण तेच, मीठ मी बघणार आहे. आत्या आता पंच्याऐंशीच्या पुढची, आमच्या घरापासून चौथं दार. योहानवर तिचा जीव आहे, हे कुणीही सांगेल. त्याच्या दहावीला तिनं आजोबांची काठी त्याला देऊन टाकली. पण इतक्या वर्षांत त्याला नावानं हाक मारली नाही. बाळ्या, मग पोट्ट्या, मग साहेब. मी हिशेब सोडलेला नाही, आणि तिनंही नाही.

काल मी मुद्दाम तिच्याकडे गेले. म्हटलं, "आत्या, रविवारी फेरी तुझ्यापाशी संपणार. तूच मुलीला वेदीपाशी न्यायचं, काठी लागली तर मी शेजारी आहे. नाव पाठ आहे ना? पूर्ण घ्यायचं असतं. रिबका, कुणाची लेक?"

ती पापड निवडत होती. "मले शिकवतं का व तू? तुले बाराखडी कोणी शिकवली?"

"कुणाची लेक, आत्या?"

"रविवारी पाहू," ती म्हणाली आणि कानाचं यंत्र काढून ठेवलं.

मंडपवाला सांगून झाला. गोरसपाक आणला. आष्टीला फोन झाला. गणपतकाकांच्या मुलाला निरोप गेला, तो वांगी आणतोय. टोपी यादीतच नाही. वीस मुद्द्यांपैकी एकोणीस झाले. जुनी वही पिशवीत घेतली आहे, पान दुमडून, एकसष्टाव्या चौकटीपाशी. मुद्दा क्रमांक एक, आत्याकडून नाव घेणे: बाकी.